म्हातारा पेशंट घरी कसा परतला ते मोजा

संपादक साहेब, सप्रेम नमस्कार.

सोलापुरात दवाखान्यांची कमी नाही. सिव्हिल आहे, मोठमोठी खाजगी हॉस्पिटलं आहेत, अक्कलकोट-मंगळवेढ्यापासून कर्नाटकातल्या गावांपर्यंतचे पेशंट इथंच येतात. पण सत्तरी-ऐंशीच्या माणसाला कुठं न्यावं असं विचारलं की आपण काय सांगतो, तर डॉक्टर हुशार आहेत, मशिनरी नवीन आहे, बिलात थोडं कमी करतात. आत गेलेलं म्हातारं माणूस बाहेर कोणत्या अवस्थेत आलं हे कोणी सांगत नाही कारण ते कोणी विचारतच नाही, आणि माझं म्हणणं एवढंच की आधी तेच विचारलं पाहिजे.

माझ्या सासूबाई न्यूमोनियासाठी ॲडमिट होत्या, हॉस्पिटलचं नाव घेत नाही. न्यूमोनिया बरा झाला, त्याबद्दल डॉक्टरांचे आभारच आहेत. पण स्वतःच्या पायानं रिक्षात बसून गेलेली बाई घरी आली ती स्ट्रेचरवरून. लघवीची नळी सुरुवातीला घातली ती शेवटपर्यंत काढली नाही, नळी आहे म्हणून उठवायचं नाही, उठवलं नाही म्हणून पायातली ताकद गेली, आणि माकडहाडापाशी बेडसोर, म्हणजे पडून राहून होणारी जखम, झालेला आम्हाला घरी कपडे बदलताना दिसला. रात्री त्या बडबडायच्या, सलाईन ओढायच्या, तर वयामुळं होतंय म्हणून झोपेचं इंजेक्शन दिलं आणि हात बांधून ठेवले. चष्मा आणि कानाचं मशीन हरवायला नको म्हणून आमच्याकडंच परत दिलेलं. दिसत नाही, ऐकू येत नाही, दिवस का रात्र कळत नाही, वर ताप, मग माणूस भांबावेल नाहीतर काय होईल? ह्याला डेलिरियम म्हणतात. चष्मा-मशीन लावून ठेवणं, घरचं माणूस जवळ बसू देणं, दिवसा उठवून बसवणं, पाणी वेळेवर पाजणं एवढ्यानं तो पुष्कळदा टळतो, आणि ह्यातल्या एकाही गोष्टीला महागडं मशीन लागत नाही.

तपासणीची पद्धत नाही असं नाही. सरकारी दवाखान्यांना २०१३ पासून एनक्यूएएस म्हणजे केंद्र सरकारचे दर्जाचे निकष आहेत, त्यात ७० टक्के मिळाले तर सर्टिफिकेट मिळतं, खाजगीवाले एनएबीएच ह्या हॉस्पिटलांचा दर्जा तपासणाऱ्या संस्थेचं सर्टिफिकेट घेतात. त्यानं इन्फेक्शन, औषधं, रेकॉर्ड ह्याला शिस्त येते हे मी मानते. बेडसोर किती झाले, किती पेशंट पडले ह्याची नोंदही ठेवावी लागते. पण ती नोंद फायलीत राहते, पेशंटच्या घरच्यांना दिसते ती भिंतीवरची फ्रेम. सरकारी दवाखान्यांसाठी २०१६ ला मेरा अस्पताल सुरू झालं, त्यात पेशंटला मेसेज किंवा फोन करून मत विचारतात, चांगलीच गोष्ट आहे, पण केसपेपरवर नंबर मुलाचा नाहीतर नातवाचा असतो, तो आपलं मत सांगणार. खाजगीत तर फीडबॅक फॉर्म बिल भरायच्या गडबडीत हातात देतात, तेव्हा कोण खरं लिहितंय.

आणि आपल्या शहराचं वेगळंच आहे. पूर्व भागातल्या विड्या वळण्यात आयुष्य गेलेल्या आजी तेलुगू बोलतात, दक्षिण सोलापूर-अक्कलकोटकडच्या कन्नड. दुखणं वाढलं की माणूस आपल्या भाषेतच कण्हतं, आणि सिस्टर नवीन बाहेरून आलेली असली की पेशंट सहकार्य करत नाही असं लिहून टाकते. बिचाऱ्या सिस्टरला तरी काय बोलणार, एकटीनं अख्खा वॉर्ड बघायचा आणि न हलणाऱ्या पेशंटला दर दोन तासांनी कूसही बदलून द्यायची, हे होणार कसं? म्हणून रात्रीच्या पाळीला किती पेशंटमागं एक सिस्टर आहे हेसुद्धा मोजलं पाहिजे.

ऑक्टोबर २०२४ पासून ७० वर्षं आणि त्यापुढच्या सगळ्यांना, उत्पन्न कितीही असो, आयुष्मान कार्डावर वर्षाला ५ लाखांपर्यंत उपचार मिळायला लागलेत. म्हणजे पैसा सरकारचा, आपलाच. मग योजनेतल्या प्रत्येक हॉस्पिटलनं सत्तरीच्या पुढच्या पेशंटचं एवढं तरी दर महिन्याला बोर्डावर लावावं: चालत आलेले किती आणि त्यातले चालत गेलेले किती, बेडसोर इथं आल्यावर किती जणांना झाला, वॉर्डात-बाथरूममध्ये किती जण पडले, खुब्याचं हाड मोडलेल्यांचं ऑपरेशन किती तासांत झालं. जास्त सीरियस पेशंट घेणाऱ्या हॉस्पिटलवर अन्याय नको म्हणून ॲडमिट करतानाच चालणं, खाणं, पाठीची कातडी, सगळं घरच्यांसमोर लिहून घ्यावं, आणि डिस्चार्जला तेच परत बघावं.

महापालिकेच्या आरोग्य खात्यानं आणि जिल्हा शल्यचिकित्सकांनी ह्यात लक्ष घालावं ही विनंती. आपल्या वार्ताहरांनीही हेच चार आकडे प्रत्येक हॉस्पिटलकडं लेखी मागावेत आणि कोणी दिले, कोणी दिले नाहीत ते छापावं.

आपली,
एक वाचक, जुळे सोलापूर