हॅनकॉकचीही आठवण असू द्या

महोदय,
रग्बीवर लिहिताना वेल्सचा जुना नामवंत खेळाडू आर्थर गुल्ड याचे नाव हमखास येते. फ्रँक हॅनकॉक मात्र कुणाच्या खिजगणतीत नसतो, याची खंत वाटते. आज पंधरा जणांच्या रग्बी संघात आठ फॉरवर्ड (पुढे चेंडूसाठी झुंजणारे) आणि सात बॅक (मागे राहून धावत चढाई करणारे) खेळतात, त्याचे मूळ या माणसापाशी आहे.

हॅनकॉक मूळचा इंग्लंडमधल्या सॉमरसेटचा, बिअर बनवणाऱ्या घराण्यातला. 1884 मध्ये वेल्समधल्या कार्डिफ क्लबने त्याला बदली खेळाडू म्हणून उतरवले आणि पठ्ठ्याने दोन ट्राय (गोलरेषेपलीकडे चेंडू टेकवणे) केले. पुढच्या सामन्यात त्याला वगळवेना आणि त्याच्या जागेवर खेळणाऱ्या जुन्या तिघांपैकीही कुणाला काढवेना. मग एक फॉरवर्ड कमी करून मागे तीनऐवजी चार थ्री-क्वार्टर (बॅकमधले धावत चढाई करणारे खेळाडू) खेळवले. 1885-86 च्या हंगामात तो कर्णधार असताना कार्डिफने 131 ट्राय केले, स्वतःवर फक्त चार होऊ दिले आणि एकच सामना गमावला, तोही अगदी शेवटचा, मोझली क्लबविरुद्ध.

त्याच हंगामात, जानेवारी 1886 मध्ये, स्कॉटलंडविरुद्ध वेल्सने त्याच्याकडे नेतृत्व देऊन हीच रचना वापरली. पण स्कॉटलंडचे नऊ फॉरवर्ड भारी पडले. सामना चालू असतानाच फुलबॅक (सर्वांत मागे खेळणारा) हॅरी बोवेनला पुढे फॉरवर्डमध्ये धाडले, गुल्डला फुलबॅक केले आणि प्रयोग गुंडाळला. हॅनकॉक वेल्सकडून पुन्हा कधीच खेळला नाही. एका पराभवावरून त्याला बाजूला सारले, हा माझ्या मते सरळ अन्याय होता. कारण 1893 मध्ये गुल्डच्या नेतृत्वाखाली वेल्सने आपला पहिला ट्रिपल क्राउन (इंग्लंड, स्कॉटलंड व आयर्लंड या तिघांना एकाच हंगामात हरवण्याचा मान) जिंकला तो चार थ्री-क्वार्टर खेळवूनच.

— एक रग्बीप्रेमी वाचक, पुणे