'घरच्या घरी करून बघा' हे जरा जपून

मा. संपादक, स. न. वि. वि.

रविवारच्या पुरवणीतला फॅमिली थेरपीमधल्या रोल-प्लेवरचा लेख आवडला, पण खाली 'घरच्या घरी करून बघा' म्हणून जी चौकट टाकलीय ना, सासू-सुनेनं जागा बदलून भांडायचं वगैरे, ती वाचून राहवलं नाही. मी हौशी नाटकवाला, कौन्सेलर नाही, पण सायकोड्रामाची, म्हणजे आपल्याच आयुष्यातले प्रसंग नाटकासारखे करून बघायच्या थेरपीची, एक-दोन शिबिरं केलीयत.

हे सुरू केलं जेकब मोरेनो नावाच्या डॉक्टरनं, 1920 नंतर व्हिएन्नात. त्याच्या आयत्या वेळी रचलेल्या नाटकांत बार्बरा नावाची नटी होती, स्टेजवर कायम सोज्वळ आणि घरी नवऱ्यावर हात उचलायची. नवऱ्यानं मोरेनोला गाठलं, मग त्यानं तिला तोंडाळ, रस्त्यावरच्या बायकांच्या भूमिका द्यायला सुरुवात केली, घरातला भडका कमी झाला (असं मोरेनोच सांगतो हां), आणि नंतर दोघांना एकत्र उभं करून त्यांच्याच घरातले सीन करायला लावले.

आता जागा बदलणं. सून सासूची नक्कल झकास करेल, घरातले पोट धरून हसतील, आणि सासूचा आणखी एक अपमान होईल, बस. थेरपिस्ट तिथं नक्कल थांबवतो, सासू झालेल्या सुनेला विचारतो, तुम्ही ह्या घरात आलात तेव्हा वय काय होतं, तुमचं कोण ऐकायचं, आता भीती कशाची वाटते? ती 'मी' म्हणून उत्तरं देते आणि खरी सासू समोर बसून ऐकते. खरं काम इथं होतं, आणि ते निम्म्यावर सोडून चहा टाकायला उठता येत नाही. शेवटी शेअरिंग असतं, त्यात सल्ला द्यायचा नाही, फक्त आपलं काय हललं ते बोलायचं, आपल्याकडे काकांना हे जमणार आहे का सांगा.

आणि जिथं मारहाण आहे, धाक आहे, तिथं तर हे घरी नकोच. बाई नवऱ्याच्या भूमिकेत जाऊन खरं बोलून बसली तर रात्री दार लागल्यावर काय? अशा ठिकाणी थेरपिस्टनंसुद्धा आधी प्रत्येकाला वेगळं भेटायला हवं.

तेवढी चौकट पुढच्या रविवारी दुरुस्त करून छापा, आणि जमलं तर ट्रेनिंग घेतलेला माणूस कसा ओळखायचा तेही द्या.

आपला,
एक नियमित वाचक