वृद्धकल्याण विषय घेतलेल्यांसाठी : क्षेत्रकार्याची बैठक

एम.एस.डब्ल्यू.च्या (समाजकार्यातल्या पदव्युत्तर अभ्यासक्रमाच्या) दुसऱ्या वर्षाला वृद्धकल्याण हा विषय घेतलेल्या सर्वांनी येत्या शनिवारी सकाळी १० वाजता विभागाच्या सभागृहात यावं. क्षेत्रकार्याच्या, म्हणजे प्रत्यक्ष लोकांमध्ये जाऊन काम शिकण्याच्या, जागा तिथेच ठरतील.

• पसंतीच्या दोन जागा लिहून आणा : वृद्धाश्रम, रुग्णालय, ज्येष्ठ नागरिक संघ किंवा वस्ती. कृपया सगळ्यांनी वृद्धाश्रमच मागू नये. बहुतेक ज्येष्ठ घरीच राहतात. दुर्लक्ष, मारहाण, सहीसाठी दबाव हे बरंचसं घरातच घडतं आणि ते ओळखायला वस्तीत फिरूनच शिकता येतं.

• २००७ चा आईवडील व ज्येष्ठ नागरिक निर्वाह आणि कल्याण कायदा वाचून या. विशेषतः कलम २३ : सांभाळण्याच्या अटीवर दिलेलं घर, अट मोडल्यास या कायद्याखालचं न्यायाधिकरण परत मिळवून देऊ शकतं. आजीआजोबा सर्वात आधी हेच विचारतात.

• ज्येष्ठांची हेल्पलाइन १४५६७ सोबत ठेवा.

भेटीतले फोटो, नावं, आजारांची माहिती ग्रुपवर टाकायची नाही. समोरच्याने ‘चालेल’ म्हटलं तरी नाही.

येणं जमत नसेल तर शुक्रवारी संध्याकाळपर्यंत मला कळवा.

– क्षेत्रकार्य समन्वयक