पंचनाम्यात न मावणारे नुकसान

महोदय,

मुंबईत पाणी तुंबले की दोन आकडे हमखास छापून येतात : किती मिलिमीटर पाऊस पडला आणि पंपांनी किती पाणी उपसले. त्या पाण्यात शहराचे किती रुपये गेले, हा तिसरा आकडा मात्र नियमितपणे कोणी मांडत नाही. विमा सर्वेक्षक म्हणून 26 जुलै 2005 नंतरचे कित्येक आठवडे मी कुर्ला परिसरातील भिजलेली गोदामे पाहण्यात घालवले. तेव्हापासून हा प्रश्न मनात आहे.

आमच्या अहवालात मालाची किंमत, घसारा आणि भिजलेल्या मालाची भंगार किंमत एवढेच येई, तेही ज्याची पॉलिसी असे त्याचे. शेजारच्या गाळ्यात तेवढेच पाणी शिरलेले असले, तरी विमा नसल्यामुळे तिकडे आमची पावले वळत नसत. ज्यांचा विमा होता त्यांच्याही बाबतीत दुकान बंद राहिलेले दिवस, कारागिरांचा बुडालेला रोज, उधारीवर उचललेल्या मालाचे व्याज आणि दुसरीकडे वळलेले गिऱ्हाईक यांना बहुतेक वेळा रकानाच नसे. 29 ऑगस्ट 2017 चा पाऊस तर ऐन गणेशोत्सवात आला. सणातला एक दिवस व्यापाऱ्याला एरवीच्या आठवड्याएवढा असतो, हे कोणत्याही सरासरीत दिसत नाही.

सरकारी मदतीचे मोजमाप याहून तोकडे आहे. कपडे आणि भांडीकुंडी यांच्या नुकसानीसाठी मदत देताना घर दोन दिवसांहून अधिक काळ पाण्याखाली असावे, अशी अट केंद्राच्या निकषांत राहिली आहे. नदीच्या महापुराला ती कदाचित शोभेल. मुंबईत भरती ओसरली की पाणी बहुधा काही तासांतच उतरते. पण गादी, फ्रिज आणि शिलाई यंत्राची मोटर बिघडायला तेवढे तास पुरतात. कागदोपत्री मात्र अशा घराचे नुकसान शून्य!

हवामानबदलामुळे हा हिशेब आणखी चुकतो. ‘शंभर वर्षांतून एकदा’ येणारा पाऊस म्हणजे दर वर्षी एक टक्का शक्यता असलेला पाऊस. त्यातून होणारे नुकसान त्या शक्यतेने गुणून वार्षिक भार काढला जातो. तोच पाऊस पन्नास वर्षांतून एकदा येऊ लागला, तर शहरात एकही नवी इमारत उभी न राहता हा भार दुप्पट होतो. हवेचे तापमान एका अंशाने वाढले की तिची बाष्प धरण्याची क्षमता सुमारे सात टक्क्यांनी वाढते, त्यामुळे ही भीती काल्पनिक नाही. मुंबईविषयी 2011 मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासाने, हरितगृह वायूंचे उत्सर्जन चढे राहिल्यास, अशा पुराचे एकूण नुकसान 2080 च्या दशकापर्यंत तिप्पट होऊ शकते, असे मांडले होते; निचरा व्यवस्था सुधारल्यास आजच्या नुकसानीत 70 टक्क्यांपर्यंत घट होऊ शकते, हेही त्यातच होते. पर्जन्यवाहिन्यांची क्षमता ताशी 25 वरून 50 मिलिमीटर करण्यावर झालेला खर्च आपण मोजतो, पण त्याने टळलेले नुकसान मोजत नाही. मग पुढच्या खर्चाची निकड कशाच्या आधारे ठरते?

अर्थात निव्वळ रुपयांचा हिशेबही फसवा असू शकतो. तळघरात बुडालेली एक महागडी मोटार मिठी नदीकाठच्या क्रांतीनगर वस्तीतील कित्येक घरांच्या संसाराएवढी ‘मोठी’ ठरते, आणि त्या आकड्यावर पंप कुठे बसवायचा हे ठरवले तर तो मोटारीपाशीच बसेल. म्हणून नुकसान कुटुंबाच्या किती दिवसांच्या कमाईएवढे आहे, हेही नोंदवले पाहिजे. शहराची सरासरीही कामाची नाही. 2005 मध्ये सांताक्रूझला 24 तासांत 944 मिलिमीटर पाऊस झाला, तेव्हा कुलाब्यात जेमतेम 74 मिलिमीटर पडला होता.

यासाठी नवे खाते उघडण्याची गरज नाही. पाणी तुंबण्याच्या ठिकाणांची यादी विभाग कार्यालयांकडे असतेच. दर वेळी पाणी ओसरल्यावर महिन्याभरात तिथल्या निवडक घरांची, गाळ्यांची आणि फेरीवाल्यांची पाहणी करून मोडलेल्या वस्तू, बुडालेले कामाचे दिवस आणि दुरुस्तीसाठी काढलेले कर्ज हे तीन रकाने महापालिकेने भरावेत आणि ते विभागवार जाहीर करावेत. पावसाळी कामांच्या अंदाजपत्रकासोबत हा तक्ता स्थायी समितीपुढे ठेवला जावा, एवढीच विनंती आहे.

आपला विश्वासू,
एक निवृत्त विमा सर्वेक्षक, दादर