सॉफ्टबॉल : आधी टी, मग पिचर

माननीय संपादक,
सप्रेम नमस्कार.

गणेश चवथ झाल्यावर मुलींचा एक आंतरशालेय सॉफ्टबॉल सामना पाहायला गेले होते. सहावी-सातवीतली एक मुलगी बॅटिंगला आली. संघात बॅट एकच, तीही मोठ्या मुलींची, 34 इंची. तिने ती खांद्यामागे उचलली तेव्हाच टोक खाली झुकले आणि तोल सांभाळायला तिला पोट पुढे काढावे लागले. तीन चेंडू, तीन स्ट्राइक, म्हणजे बाद. तिसऱ्या वेळी बॅट निघाली तोवर चेंडू मागे झेलायला बसलेल्या कॅचरच्या ग्लव्हमध्ये जाऊन बसला होता. बाहेरून सर ओरडत होते, "मार गो, जोरात मार!" ती आंब्याखाली येऊन बसली. मी पाणी दिले, तर रडत म्हणाली, "बाई, बॅट हलतच नाही."

तिचे म्हणणे खरे होते. 34 इंच ही नियमाने चालणारी सर्वांत लांब बॅट. बारा वर्षांच्या मुलीला 28 ते 30 इंचांची, अर्ध्या किलोच्या आसपासची बॅट पुरते. एका हाताने बॅट समोर सरळ धरायला सांगावे. वीस आकडे मोजून होईपर्यंत हात थरथरू लागला, तर ती बॅट तिची नव्हे.

मी डिचोली तालुक्यात सत्तावीस वर्षे शारीरिक शिक्षण शिकवले, त्यातली अठरा वर्षे सॉफ्टबॉलचा संघ सांभाळला. मुलींच्या अंगात जोर नसतो, त्या चेंडूला घाबरतात, हे मी असंख्य वेळा ऐकले. पण त्यांना मारायला शिकवतो कोण? पहिल्याच दिवशी बॅट हातात देऊन आपण त्यांना पिचरसमोर, म्हणजे चेंडू टाकणारीसमोर, उभे करतो. मुलींच्या खेळात पिचर आणि होम प्लेट (जिच्या बाजूला बॅटिंग करणारी उभी राहते ती पाटी) यांच्यात 43 फूट, म्हणजे जेमतेम 13 मीटर अंतर. ताशी 70 किलोमीटरने आलेला चेंडू ते पाऊण सेकंदाच्या आत कापतो. एवढ्यात चेंडू पाहायचा, मारायचा की सोडायचा ते ठरवायचे आणि बॅट फिरवायची. हाताला फिरवणेच ठाऊक नसेल तर मूल डोळे मिटणार, दुसरे काय करणार?

म्हणून पहिला महिना टीवरच काढायला हवा. टी म्हणजे कमरेच्या उंचीवर चेंडू ठेवायची खुंटी. विकतची परवडत नसेल तर जाड फळीवर पाइपचा तुकडा पक्का करायचा आणि वर मोटारीच्या रेडिएटरचा जुना रबरी होज चढवायचा. गॅरेजवाले तो आनंदाने देतात. चेंडू अडवायला आम्ही दोन माडांमध्ये शापोरा जेटीवरून आणलेले मासेमारीचे जुने जाळे दुहेरी करून बांधत असू. पाऊस असला की हेच सगळे शाळेच्या सभागृहात. 1887 साली शिकागोत हा खेळ जन्मला तोही छपराखालीच. चेंडूच्या जागी दोरीने आवळलेला बॉक्सिंगचा हातमोजा होता आणि बॅटच्या जागी झाडूचा दांडा. साहित्य नाही ही सबब मला म्हणूनच पटत नाही.

टीवर आधी पकड. बॅट तळव्यात रुतवायची नाही, बोटांत धरायची. दारावर टकटक करताना जी पेरे लागतात, ती दोन्ही हातांची एका ओळीत आली की मनगटे मोकळी होतात. पाय खांद्यांपेक्षा थोडे रुंद, गुडघे सैल, भार चवड्यांवर. इथवर कोणीही सांगेल. अडते ते कमरेशी. मुले नुसत्या हातांनी मारतात. कुळागरात, म्हणजे पोफळीच्या बागेत, पाटातले पाणी भांड्याने पोफळीच्या मुळाशी भिरकावणारा माणूस पाहा : आधी पाऊल, मग कंबर, हात सगळ्यात शेवटी. मी मुलींना अर्धी भरलेली बादली देऊन चिकूच्या झाडाकडे खांदा करून उभ्या करत असे. नुसत्या हातांनी फेकलेले पाणी स्वतःच्याच पायांवर सांडते, कंबर फिरली की बुंध्यापर्यंत जाते. दहा बादल्या झाल्या की लगेच बॅट. त्यानंतर मी बॅटकडे बघतही नसे, मातीकडे बघत असे. मागच्या पायाचा चवडा नीट फिरला असेल तर आपल्या तांबड्या मातीत वाटोळी खळी उमटते. नुसती टाचेची खूण दिसली तर पुन्हा बादली.

आपल्याकडची मुले क्रिकेट खेळून आलेली असतात, याचाही विचार करायला हवा. नजर त्यांची तयार असते, ही मोठी जमेची बाजू. पण टप्पा शोधत पुढे जायची सवय इथे नडते, कारण चेंडू टप्पा न पडताच येतो. पाऊल दर वेळी तेवढेच, छोटे, पिचरच्या दिशेने. दुसरे, मारल्यावर ती उभी राहून बघतात. इथे चेंडू फेअर, म्हणजे हद्दीत, गेला की धावावेच लागते, तेही बॅट हातात न घेता. बॅट खाली सोडायची, भिरकवायची नाही; मागे कॅचर असते. हेल्मेट तर टीवरसुद्धा सक्तीचे हवे.

टीनंतर बाजूने हळू उडवलेला चेंडू, मग समोरून, आणि पिचर शेवटी. गुडघा ते काख या पट्ट्याबाहेरचा चेंडू सोडणाऱ्या मुलीला मी मारणारीइतकीच शाबासकी देत असे.

शालेय खेळांचा कारभार ज्यांच्या हाती आहे त्यांना विनंती, की बारा-तेरा वर्षांच्या मुलींचा संघ मैदानात उतरवताना त्यांच्या मापाच्या किमान दोन बॅटी असल्याच पाहिजेत, असा नियम करावा. आणि ज्या शाळेला टी बनवून हवी असेल, तिने आपल्या कार्यालयामार्फत मला निरोप द्यावा. फळी आणि होज मी घेऊन येते. तासाभराचे काम आहे.

आपली नम्र,
एक निवृत्त शारीरिक शिक्षण शिक्षिका,
डिचोली, गोवा