मान छंदाला की किमतीला?

महोदय,

जुन्या वस्तूंच्या लिलावांवरचा आपल्या रविवार पुरवणीतला लेख वाचला. बेसबॉलपटू मिकी मँटलचे चित्र असलेल्या १९५२ सालच्या बेसबॉल कार्डाला २०२२ मध्ये १ कोटी २६ लाख डॉलर मिळाले, तेव्हा कार्डे जमवणाऱ्या प्रौढांना आता समाजात मान आहे, असा लेखाचा सूर आहे. मी बरीच वर्षे न्यू जर्सीत राहतो. हा मान मला तितकासा खरा वाटत नाही.

पूर्वी चाळिशीतला कुणी कार्डे जमवतो असे कळले, की ऑफिसातली मंडळी गालातल्या गालात हसत. च्युइंगगमबरोबर येणारी कार्डे म्हणजे पोरखेळ; मुलगा कॉलेजला गेला की आईने ती केरात टाकायची. कोविडच्या काळात भाव भडकले. २०२१ च्या मे महिन्यात विस्कॉन्सिनमधल्या एका दुकानाबाहेर कार्डांवरून मारामारी झाली आणि टार्गेट या दुकानसाखळीने आपल्या दुकानांतली कार्डविक्री काही काळ थांबवली. आता तेच हसणारे लोक विचारतात, ‘तुझ्याकडच्या कार्डांचे किती येतील?’ कार्डावर कोण आहे, हे मात्र कुणी विचारत नाही!

भावावर उभा राहिलेला मान भावाबरोबरच उतरतो. १९८० च्या दशकाच्या अखेरीस लोकांनी गुंतवणूक म्हणून खोकीच्या खोकी भरून ठेवली होती. कंपन्यांनी वारेमाप छपाई केली, भाव कोसळले आणि संग्राहक पुन्हा खुळे ठरले.

न्यूयॉर्क राज्यातल्या सिरॅक्यूजचे जुने संग्राहक जेफरसन बर्डिक यांना यातले काहीच लाभले नाही. कारखान्यात नोकरी, संधिवाताने आखडलेली बोटे, आणि कार्डांना फारशी किंमत नसण्याचा तो काळ. तरी त्यांनी ३० हजारांहून अधिक बेसबॉल कार्डे जमवली, त्यांची सूची केली, न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन संग्रहालयाला ती फुकट दिली आणि तिथे बसून वर्षानुवर्षे स्वतःच्या हाताने वह्यांत चिकटवली. काम संपले १९६३ च्या जानेवारीत. मार्चमध्ये ते गेले. आजचे तज्ज्ञ ज्या ‘टी २०६’ नावाने होनस वॅग्नर या जुन्या बेसबॉलपटूचे कार्ड ओळखतात, ते नाव बर्डिक यांच्याच सूचीतले. (आता मौल्यवान कार्ड प्लॅस्टिकच्या डबीत बंद असते, वर कार्ड किती चांगल्या अवस्थेत आहे याचे दहापैकी गुण. बर्डिक यांचा डिंक पाहून गुण देणारे मूर्च्छित पडतील.)

पुढच्या लेखासाठी असा एखादा संग्राहक शोधावा, ज्याचा सगळा संग्रह विकूनही शंभर डॉलर यायचे नाहीत.

– एक वाचक, एडिसन, न्यू जर्सी