जैसलमेरहून आल्यावर आई-बाबांना

आगरवाडा, पेडणे
१८ जानेवारी

ती. आई आणि ती. बाबा यांना शुभाचा साष्टांग नमस्कार.

बाबा, डोळ्याचं ऑपरेशन झाल्यापासून दादा तुमच्या हाती मोबाइल लागू देत नाही. फोन करावा तर माझं अर्धं बोलणं तुम्हाला ऐकू येत नाही, आणि उरलेलं अर्धं आई 'बरी आहे म्हणते' एवढ्यावर गुंडाळते. म्हणून कागद घेऊन बसले. अक्षर मुद्दाम मोठं काढलंय. ओमकडून वाचून घ्या, तेवढंच त्याचं मराठी सुधारेल.

घरचं सगळं ठीक. पाडेली नारळ पाडून गेला, ते मागच्या खोलीत आहेत. आंब्याला मोहोर बरा दिसतोय. मिठागरांत चिखल तुडवायचं काम सुरू झालंय.

आता जैसलमेर. आई, निघायच्या आदल्या दिवशी तू विचारलंस, 'वाळूच बघायची तर मोरजीला काय कमी आहे?' प्रणितानं ते वाक्य अख्ख्या प्रवासात मला ऐकवलं. मडगावहून अहमदाबाद, तिथून जोधपूर, मग रात्रीची गाडी. पाठीचं काय झालं ते विचारू नका. किल्ला पिवळ्या दगडाचा, ११५६ सालचा, आणि आत अजून लोक राहतात, वाळत घातलेल्या साड्यांखालून वाट काढत फिरावं लागतं. शहराजवळ अकल म्हणून जागा आहे, तिथं झाडांचे ओंडके दगड होऊन पडलेत, अठरा कोटी वर्षांपूर्वीचे. म्हणजे त्या रखरखाटात एके काळी जंगल होतं. तुम्ही असतात तर तिथून हलला नसतात.

सूर्यास्ताची सहल दुपारी अडीचला निघाली. जीपमध्ये आम्ही दोघी, सुरतचं एक जोडपं आणि ड्रायव्हर. पहिला थांबा कुलधरा, पालीवाल ब्राह्मणांचं ओसाड गाव. दिवाणाच्या जाचामुळं सगळं गाव एका रात्रीत उठून गेलं असं तिथला प्रत्येक गाइड आवाज खाली आणून सांगतो. पाणी आटलं म्हणून लोक हळूहळू गेले असंही अभ्यासक म्हणतात, पण त्या गोष्टीला तिकीट कोण काढणार! घरांना छपरं नाहीत, भिंती मात्र अशा रेषेत की ओळंबा लावून बघावा.

खरी गोष्ट पुढे आहे, बाबा, आणि हे पत्र तिच्यासाठीच. कुलधरा सोडल्यावर थोड्या वेळानं उजव्या हाताला एकदम हिरवंगार शेत दिसलं. हरभरा आणि गहू. आजूबाजूला नुसता खडक आणि खुरटी झुडपं. मी जीप थांबवायला लावली. सुरतवाल्यांना ते आवडलं नाही, त्यांचं लक्ष घड्याळाकडे. ड्रायव्हर म्हणाला, 'खडीन है.' उतरून बघते तर बांध! लांबच लांब मातीचा, आतल्या अंगानं दगड लावलेला, एका टोकाला बुटका करून सांडवा ठेवलेला. वर चढले आणि सवयीनं पहिल्यांदा पायाखाली भोकं आहेत का ते बघितलं. आपल्याकडे खेकडे, तिकडे उंदीर.

काम कसं चालतं ते शेतावरच्या म्हाताऱ्यानं सांगितलं. जैसलमेरला वर्षाकाठी दोनशे मिलिमीटरही पाऊस पडत नाही. आपल्याकडे तीन हजारांच्या आसपास, म्हणजे त्यांचं वर्षभराचं पाणी आपल्याकडे आषाढात दोन-तीन दिवसांत पडून जातं. पण वरचा उतार खडकाचा असल्यामुळं तो पाणी पीत नाही, पडलं ते सगळं खाली धावतं. ते बांधाला येऊन अडतं, सोबत आणलेला गाळ खाली बसतो, आणि पाणी महिनोन् महिने जमिनीत मुरत राहतं. वरचं पाणी ओसरलं की त्याच ओलीवर रब्बी पेरायची. नंतर थेंबभर पाणी द्यायचं नाही. बांधाच्या पलीकडे विहीर खणली की तिला गोडं पाणी लागतं. ही युक्ती पालीवालांची, पंधराव्या शतकापासूनची म्हणतात. गाव ओसाड झालं, बांध अजून राबतो आहे.

आपला खाजनाचा, म्हणजे खाडीकाठच्या सखल शेतांचा बांध शापोरा नदीचं खारं पाणी बाहेर ठेवण्यासाठी, त्यांचा आलेलं गोडं पाणी आत धरण्यासाठी. पण राखणीची कटकट तीच. म्हाताऱ्याला मी आपल्या मानशीबद्दल, बांधातल्या पाण्याच्या दाराबद्दल सांगितलं, भरतीला दार आपोआप मिटतं, ओहोटीला आपोआप उघडतं. त्याला ते खरं वाटलं नाही. दिवसातून दोनदा चढणारं पाणी त्यानं पाहिलंच नाही कधी. कागदावर चित्र काढून दाखवलं तेव्हा त्याचा पहिला प्रश्न, 'दार कुजलं की कोण बदलतं?' अगदी तुमचा प्रश्न. त्यांच्याकडेही पूर्वी गावानं मिळून बांध राखायचा, आता ज्याचं शेत त्यानं बघावं असं झालंय. तेवढ्यात सुरतवाल्यांनी हॉर्न वाजवला.

समला, वाळूच्या टेकड्यांपाशी पोचलो आणि आम्ही दोघी हसायलाच लागलो. डिसेंबरातलं कळंगुट, फक्त समुद्र काढून घेतलेलं! जीपा टेकड्यांवरून उड्या मारताहेत, कुठे डीजे, कुठे मॅगी, आणि 'मॅडम कॅमल, मॅडम कॅमल' करत दहा जण मागे. जन्मभर आपण ज्यांना टुरिस्ट म्हणून नाकं मुरडली, ते आता आम्ही होतो, टोपी-गॉगलसकट. प्रणितानं उंटाचा भाव अर्ध्यावर आणायचा चंग बांधला. मला काही तोंड उघडवेना. त्या माणसाचा धंदा थंडीतल्या चार महिन्यांचा. मे महिन्यात तिकडे पारा पंचेचाळिसावर जातो, कोण येणार? आपल्या शॅकवाल्यांचा पावसाळा आठवला. प्रणिता म्हणते मी धंद्याला नालायक आहे. असेन.

उंटाचं नाव मायकल. 'शिवोलीचा दिसतो,' प्रणिता म्हणाली. उंट उठताना आधी मागचे पाय ताठ करतो, त्यामुळं आपण सरळ त्याच्या मानेवर कोसळतो, मग पुढचे, की मागे. चालताना एका बाजूचे दोन्ही पाय एकदम टाकतो. शापोराच्या मुखाशी होडी लाटेला आडवी लागली की पोटात जे होतं तेच इथं होतं. आई, तुझ्या कमरेचं हे काम नव्हे, आधीच सांगते. उतरल्यावर त्याला जवळून न्याहाळलं. पापण्यांचे केस दुहेरी, एवढे लांब की त्यांत वाळूचे कण अडकलेले दिसत होते. छातीखाली घट्ट्याची जाड गादी. बसताना भार तिच्यावर पडतो आणि पोट तापल्या वाळूपासून वर राहतं.

गर्दी टाळून दहा मिनिटं चालत पुढे गेलो. टेकडीची वाऱ्याकडची बाजू उताराची आणि घट्ट, पाऊल रुतत नाही. पाठीमागची एकदम तुटल्यासारखी, पाय ठेवला की आपल्यासकट वाळू खाली. मोरजीची वाळू पायाला चिकटते, घरापर्यंत येते. इथली कोरडी ठाक आणि पिठूळ, झटकली की पाय स्वच्छ (बुटातून मात्र अजून निघतेय). एक काळा किडा वाळूच्या लाटा ओलांडत गेला, त्याच्या मागे टाके घातल्यासारखा माग. त्याच वाऱ्यानं तो बघता बघता पुसलाही.

आणि सूर्यास्त? आई, तुझ्या प्रश्नाचं उत्तर हे. आपल्याकडे सूर्य पाण्याच्या रेषेला टेकतो आणि बुडतो. इथं तो रेषेपर्यंत पोचलाच नाही. सहा वाजल्यानंतर धुळीच्या थरात शिरला, तेज गेलं, थेट डोळ्यांनी बघता येईल असा तांबूस झाला आणि जमिनीपासून हातभर वर असतानाच विरून गेला. लोकांनी तरी टाळ्या वाजवल्या आणि पाच मिनिटांत जीपा सुरू. देखणेपणात मोरजी एक पाऊल पुढेच, हे मी प्रणिताला सांगितलं नाही.

पश्चिमेला पवनचक्क्यांची रांग, तिच्या विजेच्या तारा. त्या तारांना धडकून माळढोक मरतात. देशात ते दीडशेच्या आसपासच उरलेत. समलाच २०१९ पासून त्यांची पिल्लं वाढवायचं केंद्र आहे, ते बाहेरूनच पाहिलं.

अंधार पडला तशी थंडी आलीच. तुमचे खारे वारे आणि मतलई वारे मला आठवीत कळले नव्हते, इथं कळले. हवेत दमट काही नाही, ढग नाही, वाळू घेतलेली ऊब तासाभरात सोडून देते. दुपारी बाह्या दुमडल्या होत्या, रात्री दोन शाली. तंबू 'अगदी शांत जागी' असं बुकिंगवाल्यानं सांगितलं होतं. डीजे आमच्या उशापाशी. जेवायला बाजरीची भाकरी, कढी आणि केर-सांगरी. आई, सांगरी म्हणजे शमीच्या शेंगा! गणपतीला पत्री वाहतो ती शमी. सुकवलेल्या शेंगा भिजवून तिखट-आंबट करतात. पाव किलो आणल्यात. नुस्त्याशिवाय, मासळीशिवाय चार दिवस गेले, पण उपाशी राहिले नाही.

पुढच्या मार्गशीर्षात तुम्ही दोघं माझ्यासोबत चला. उंटावर नाही, उंटगाडी मिळते. समला एक तास पुरे. बाबा, तुम्हाला त्या बांधावर पुरा दिवस देईन, हॉर्न वाजवणारं कोणी नसेल.

एक काम. मानशीचं डावीकडचं दार खालून कुजलंय, फळीतून पाणी शिरतं, परवाच्या भरतीला वाफ्यात दिसलं. शेतकऱ्यांची बैठक झाली, खर्च वाटून घ्यायचं ठरलंय. मागच्या वेळी दाराला कुठलं लाकूड वापरलं होतं आणि ते कुठून आणलं, ते ओमकडून लिहून पाठवा. सुतार महिनाअखेरपर्यंत थांबतो म्हणालाय, त्यानंतर तो बेळगावला जाणार.

थेंब वेळेवर घाला. दादा-वहिनीला नमस्कार, ओमला आशीर्वाद.

तुमची,
शुभा